हिर्डोशीचं तांबं

हिर्डोशीच्या डोंगरात तांबं आहे, हा शोध गजाननराव चौबळांनी पुण्यात घरबसल्या लावला. कुणी स्नेह्यानं इकडून एक हिरवा खडा नेला होता. हिरवा म्हणजे तांब्याचाच, त्यांना तेवढं पुरलं. एकोणीसशे तीसच्या दिवाळीनंतर बैलगाड्या भरून सामान आणि स्वतःविषयीचा अफाट आदर घेऊन ते गावात दाखल झाले. आधी त्यांनी स्वतःसाठी सागवानी खांबांची ऐसपैस कचेरी बांधली. मग खाणीतली काटकसर सुरू केली.

विहिरीसारखं खाली खणलं तर दगड आणि पाणी दोन्ही वर ओढावं लागतं, त्यात फार खर्च होतो, असं त्यांनी गावकऱ्यांना समजावलं. त्यापेक्षा डोंगरात आडवं शिरायचं. वरच्या काळ्या पाषाणाला सुरुंगाची दारू लागेल, म्हणून त्याच्याखालच्या तांबड्या मातीच्या थरातून कुदळीनं जायचं. छताला लाकडी टेकू द्यायचे म्हणजे पैसे मातीत घालणं. त्याऐवजी मधेमधे न खणलेल्या मातीचेच खांब सोडायचे. मुकादम सोनबा प्रत्येक वाक्याला मान डोलावी. त्याला यातलं काही कळत नव्हतं, पण पगार मानेचाच होता.

गेनू पोळ आत खणायचा, त्याची बायको ठकुबाई पाटीनं माती बाहेर आणायची. निघालेला हिरवा माल भट्टीत घातला, तेव्हा तांब्याऐवजी काळ्या काचेसारखा एक गोळा हाती आला. गजाननराव जराही खचले नाहीत. खरं तांबं खांबांत अडकलंय, असं त्यांनी जाहीर केलं आणि खांब तासायला जादा मजुरी लावली. छत कशावर राहणार, हे कुणीच विचारलं नाही. गेनूनंही नाही. जादा मजुरी ऐकून तो सर्वांत आधी पुढे झाला.

तिसरा खांब तासताना छत बसलं. बाकीचे पळत बाहेर आले. गेनू ढिगाऱ्यापलीकडे अडकला, पण त्याची हाक ऐकू येत होती. माती उपसावी तर वरून आणखी ढासळे. टेकूशिवाय एक पाऊल पुढं जाता येत नव्हतं, आणि खाणीवर एक वासासुद्धा नव्हता.

गजाननरावांनी विचार केला. भोरहून लाकूड मागवू, म्हणाले, परवापर्यंत येईल. घाईत केलेली खरेदी महागात पडते.

ठकुबाईनं हातातली पाटी खाली टाकली. ती कचेरीत गेली, आतली वेताची खुर्ची तिनं अंगणात फेकली आणि खांबांमधला कारवीच्या काड्यांचा कूड उपटू लागली. गजाननराव धावत आले. ही माझी मालमत्ता आहे, म्हणून त्यांनी तिला दरडावलं.

ती मागं वळली. "मंग तुमी आत जा," ती म्हणाली. "छताला खांदा लावून हुबं ऱ्हावा. खांब ऱ्हाऊ द्यात तुमचं."

गजाननरावांनी सोनबाकडं पाहिलं. सोनबानं जन्मात पहिल्यांदा मान डोलावली नाही. तो कचेरीवर चढला आणि कौलं खाली टाकू लागला. मग सगळेच भिडले. चार माणसं एकेक सागवानी खांब उचलून आत नेत, छताखाली ठोकून बसवत आणि हातभर माती काढत. दिवस मावळायच्या आत त्यांनी गेनूला बाहेर ओढला. गुडघ्याखाली त्याच्या पायाचा चेंदा झाला होता. ठकुबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि जादा मजुरीच्या नावानं त्याला अशा शिव्या दिल्या, की ऐकणाऱ्यांनी माना खाली घातल्या. शिव्या देता देता ती रडत होती.

गजाननराव दुसऱ्या दिवशी सकाळीच पुण्याला निघून गेले. तिथं त्यांनी खाणकामावर व्याख्यान दिलं. मावळातली माती फसवी आणि मजूर अडाणी, असं त्यांनी सांगितलं. टाळ्या पडल्या म्हणतात.

गेनू वाचला, पण चिखलात उभं राहणं त्याला पुन्हा जमलं नाही. लावणीच्या दिवसांत तो बांधावर बसून भाताच्या रोपांच्या जुड्या बांधी आणि एकेक जुडी खाचरात ठकुबाईकडं फेकी.