अर्धी गोळी

जुन्या सोफ्यांचं कापड उसवून नवं चढवणं हा त्याचा धंदा. उसवताना धूळ उडायची आणि शिंकांनी तो बेजार व्हायचा. अंगाला खाज सुटायची ती वेगळीच. बायकोने औषधाच्या दुकानातून ॲलर्जीच्या गोळ्या आणल्या. नवऱ्याच्या किडन्या अधू आहेत हे दुकानदाराला सांगावं, असं तिच्या मनातही आलं नाही. शिंकांचा आणि किडन्यांचा काय संबंध?

शिंका थांबल्या. खाज हटेना, म्हणून तो सकाळ-संध्याकाळ गोळी घेऊ लागला.

मग घास हातात धरून तो पेंगायला लागला. शब्द सापडेनासे झाले. कात्रीला "ते, कापायचं" म्हणू लागला. एका गिऱ्हाइकाचं भारी कापड त्याने उलट्या बाजूने बेतलं.

"आई, बाबांना विसरण्याचा आजार झालाय," भेटायला आलेली लेक म्हणाली. आईने मनातून त्याची आशा सोडलीच होती.

किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी चालू असलेली सगळी औषधं विचारली, तेव्हा तिने पिशवीतून ते पाकीट काढलं.

"यांचं डोकं शाबूत आहे," बाई म्हणाल्या. "हे औषध किडन्यांनी बाहेर टाकायचं असतं. यांच्या किडन्यांना ते झेपत नाही, म्हणून अंगात साठत गेलं. आता काही दिवस पूर्ण बंद. पुढे शिंका आल्याच तर अर्धी, दिवसातून एकदाच. आणि नाक चोंदलं म्हणून मला न विचारता दुसरी गोळी आणू नका. काही गोळ्यांनी रक्तदाब चढतो."

"पण खाज?"

"ती धुळीची नाहीच. किडन्या आणखी बिघडल्यात, त्याची आहे. आता डायलिसिसची तयारी करायला हवी."

तो खुर्चीत डुलक्या घेत होता. त्याने काही ऐकलं नाही.

आठवड्याभरात तो भानावर आला. कात्रीला कात्री म्हणाला, वाया गेलेलं कापड पाहून स्वतःलाच शिव्या घातल्या. लेक आनंदाने रडली. मग त्याने बायकोला विचारलं, "बाई काय म्हणाल्या?" तिला खोटं बोलता आलं नाही.

त्या दिवसापासून त्याने सुई हातात धरली नाही. नखांनी दंड ओरबाडत बसायचा.

"पूर्ण गोळी दे," एका दुपारी तो म्हणाला.

"त्याने खाज जात नाही, माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे. तेव्हाही खाजत होतंच. पण मी नव्हतो ना तिथे."

ती उठली, पाकीट घेतलं आणि लेकीच्या घरी ठेवून आली. परतली तेव्हा तो तसाच बसला होता. तिने थंड पाण्यात फडकं पिळलं आणि त्याच्या पाठीवर ठेवलं.

"बरं वाटतंय?"

"नाही."

तिने फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं.