दुर्बिणीचं तोंड उत्तरेला

जळालेली वायर बोटभर होती. संशयाला तेवढी पुरली.

दुर्बीण म्हणजे आरशांची उघडी, घराएवढी थाळी आणि तिच्यासमोर कॅमेरा. फुटलेल्या ताऱ्यांकडून आलेले गॅमा किरण हवेवर आदळले की निळसर प्रकाश चमकून जातो, तो टिपायचा. दिवसा थाळी खाली कलवून कॅमेरा मनोऱ्यावर टेकवायचा, तोंड उत्तरेला. आरशात सूर्य शिरला तर ऊन एका जागी गोळा होतं. मग काहीही जळतं.

जळाली ती मनोऱ्यावरची वायर.

म्हणजे दिवसा कुणीतरी दुर्बीण फिरवली. ती फिरवणाऱ्या मोटारी एकाच्याच ताब्यात. त्याला सगळे ड्रायव्हर म्हणतात. इथले आरसे सांभाळणाऱ्या आरसेवालीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. नोकरी तिनेच लावून दिलेली.

"पाहुण्यांना गंमत दाखवली असेल," साहेब आरसेवालीला म्हणाले. "हौशी आहेत तुमचे मेहुणे. काय वाटतं?"

"असेल."

असेल. म्हणजे हो नव्हे. म्हणजे नाही असंही नव्हे. पाल चुकचुकली होती, एवढंच. बहिणीला सातवा महिना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डबा घेऊन मनोऱ्यासमोर त्याच्याशेजारी बसली. पाळतच ती.

"ताई, आज इकडे कुठे वाट चुकलात?"

"सहज."

"सहज म्हणून माझे हात बघताय? घास मोजून बहिणीला कळवणार वाटतं."

ती हसली नाही.

मग वास. मनोऱ्यावरून धुराची रेघ. ड्रायव्हरच्या हातात घास तसाच. थाळी जागची हललेली नव्हती.

तिने स्वतःच्या सावलीकडे पाहिलं. सावली दक्षिणेला. थाळीचं तोंड उत्तरेला,

सूर्यही.

तोंड उत्तरेला ठेवायचा नियम जुन्या वेधशाळेतून जसाच्या तसा उचललेला. ती पृथ्वीच्या वरच्या अर्ध्यात. इथे, विषुववृत्ताच्या दक्षिणेला, दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. उन्हाळ्यात तो डोक्यावर होता, निभावलं. हिवाळा लागला, सूर्य खाली आला आणि आरशांना सापडला.

ड्रायव्हर धावला. थाळी घरघरत दक्षिणेकडे वळली. धूर थांबला.

तो परतला तेव्हा फोन कानाला होता. ऐकून त्याने तो खिशात टाकला.

"साहेबांनी बोलावलंय. कामावरून काढायचं ठरलंय म्हणे. घरच्याच माणसाने दुजोरा दिलाय." डब्याचं झाकण त्याने सावकाश लावलं. "ताई, इथे माझ्या घरचं कोण आहे हो?"

"चला, मी येते. आत्ता पाहिलंय ते सांगते."

"सांगाल. पण मी ते नाही विचारलं."