निळ्या निखाऱ्याचा कप्पा

बाबांची सगळी नोकरी बस डेपोच्या स्टोअरमध्ये गेली. ब्रेकचे लायनर कुठे, वायपरची पाती कुठे, कुठल्या गाडीचा पट्टा कुठल्या रॅकवर, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. जागा चुकलेली वस्तू नसल्यातच जमा, असं ते येईल त्याला ऐकवत. निवृत्त झाल्यावर हाच बाणा त्यांनी स्वयंपाकघरात चालवून पाहिला, तेव्हा आईने त्यांना अदबीने बाहेरचा रस्ता दाखवला. आई इस्पितळात नर्स होती. तिच्या डब्यांना हात लावायची कोणाची बिशाद नव्हती.

मग उरला टीव्ही, आणि टीव्हीपुढे ठाण मांडून बसलेली लेक. तिला घरात भिंगरी म्हणत, कारण लहानपणी तिचा पाय एका जागी ठरत नसे. आता ती मोठी झाली होती, दूरच्या शहरात चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात तिला नोकरी लागली होती, आणि रुजू होईपर्यंतच्या मोकळ्या दिवसांत तिने एक महाकठीण गेम खेळायला घेतला होता. हातात तलवार घेऊन ती एका पडक्या राज्यात हिंडायची आणि पावलोपावली धारातीर्थी पडायची. बाबा आधी पेपरच्या आडून बघत. मग पेपर घडी करून बघू लागले. मग एके दिवशी त्यांना राहवेना.

“तुझ्या त्या पेटीत काय उकिरडा माजलाय गं,” ते म्हणाले. “आण इकडे ते.”

गेममध्ये एक पेटी होती. सापडेल ते तिच्यात टाकायचं: मुळ्या, धातूचे तुकडे, हाडं, फुटक्या ढाली. भिंगरी सगळं एकात एक कोंबायची, आणि ऐन लढाईत औषध सापडलं नाही म्हणून मरायची. बाबांनी कंट्रोलर हातात घेतला, आधी उलटा, मग सुलटा, आणि संध्याकाळभर बसून कप्पे लावले. तिथून कामाची वाटणी ठरून गेली. लढाई तिची. माल आणायचा आणि लावायचा बाबांनी.

सगळ्यांत दुर्मिळ माल म्हणजे निळा निखारा. तलवारीला धार चढवायची तर गेममधल्या एकाक्ष लोहाराला निखारे लागत. तांबडे ढिगाने मिळत, पांढरे शोधावे लागत, आणि शेवटच्या धारेसाठी लागायचा निळा. तो दलदलीतल्या कंदीलवाल्या बेडकांकडेच असे, तोही लाखात एखाद्याकडे. बेडूक मारायचे, गेममधल्या विसाव्याच्या दिव्यापाशी जरा टेकायचं, की मेलेले सगळे बेडूक पुन्हा ठणठणीत. पुन्हा मारायचे. भिंगरीला या कामाचा विलक्षण कंटाळा. बाबांना मात्र त्यात स्टॉक मोजल्याचं सुख मिळे. तांबडे आणि पांढरे निखारे ओळीने लावून पुढचा एक कप्पा त्यांनी निळ्यासाठी रिकामा ठेवला होता. माल येण्याआधी जागा तयार पाहिजे, हा डेपोतला शिरस्ता.

निळा निखारा हवा होता तो घंटेवाल्यासाठी. हा शेवटचा राक्षस पाठीवर देवळाएवढी घंटा घेऊन फिरे आणि भिंगरीला रोज संध्याकाळी चटणीसारखा वाटून काढी. येत्या रविवारी तिची गाडी होती. त्याआधी याला लोळवायचाच, असा तिने पण केला होता.

आणि एका दुपारी, भिंगरी बॅग आणायला बाजारात गेलेली असताना, एका मरतुकड्या बेडकाच्या कंदिलातून निळा निखारा टपकन खाली पडला.

बाबा सोफ्यावरून उठून उभेच राहिले. तोंडभर हसले. आणि मग हळूहळू खाली बसले. तलवारीला धार चढणार, घंटेवाला पडणार, गेम संपणार. भिंगरी टीव्ही बंद करून बॅग भरायला जाणार. रविवार यायचा तेव्हा येईल, पण आपल्या संध्याकाळी आजच संपल्या, असं त्यांच्या मनात आलं. शनिवारी देऊ, त्यांनी ठरवलं. शनिवारी दिला तरी काय बिघडतंय.

आता लपवायचा तर फुटक्या ढालींच्या ढिगात टाकायचा, म्हणजे कोणाच्या बापाला सापडला नसता. पण हात वळेना. फुटक्या ढालींत निखारा? जन्मात असला गबाळेपणा केला नव्हता. बाबांनी निखारा निळ्या निखाऱ्याच्या कप्प्यात नीट ठेवला आणि पेटी बंद केली. तसंही भिंगरी पेटी कधी उघडते?

त्या संध्याकाळपासून बाबा मूग गिळून बेडूक मारत राहिले. भिंगरी विचारायची, काही मिळालं का, आणि ते मान हलवून चिखलाला नावं ठेवायचे. मग ती बोथट तलवार घेऊन घंटेवाल्यापुढे जायची आणि मार खाऊन यायची. गुरुवारी तर तो अगदी शेवटच्या घटकेला आला होता. एक घाव उरला होता. तिचा हात चुकला आणि घंटा तिच्यावर कोसळली.

भिंगरीने कंट्रोलर गालिच्यावर ठेवला.

“माझ्यातच काहीतरी कमी आहे, बाबा,” ती म्हणाली. “इथे घरात बसून जमत नाही. तिथे एकटी काय दिवे लावणार आहे मी?”

बाबांनी गालिच्यावरचा कंट्रोलर उचलून जागेवर ठेवला. ती उठून आत गेली.

शुक्रवारी आईची ड्यूटी दुपारी संपली. ती शेंगा निवडायला बसली तसे बाबा तिच्यासमोर जाऊन बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. आईने आधी बेडूक म्हणजे काय ते समजून घेतलं. मग ती इतकी हसली की मांडीवरच्या शेंगा सांडल्या. हसू आवरल्यावर मात्र तिने त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

“पोर जाताना आपण कमी आहोत असं समजून जाईल,” ती म्हणाली. “चालेल तुम्हाला?”

बाबांना चालणार नव्हतं. आयुष्यात त्यांनी कोणाचा माल अडवून ठेवला नव्हता, आणि अडवला तो पोटच्या पोरीचा, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी संध्याकाळी भिंगरीने गेम लावला. बाबांनी घसा साफ केला.

“निळा निखारा सापडलाय. बरेच दिवस झाले. मी बोललो नाही.”

“माहितीये,” भिंगरी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली.

मग तिनेच सांगितलं. बाण संपले म्हणून तिने पेटी उघडली होती, तर निखारा आपल्या जागेवर ऐटीत बसलेला. आधी तिला भयंकर राग आला. दोन दिवस तिने दातओठ खाल्ले. मग रोज तिच्या शेजारी बसून, निखारा खिशात असताना, खोटे खोटे बेडूक मारणारा बाप बघून तिला हसू येऊ लागलं. गुरुवारचं ते बोलणंही त्यांना मुद्दाम ऐकवलं होतं, म्हणाली. आता तरी तोंड उघडतील म्हणून.

“थोडं खरंही होतं ते,” ती हळूच म्हणाली. “आणि बाबा, तुम्हाला लपवता तरी येतं का हो? ज्याच्या त्याच्या कप्प्यात ठेवून कोणी लपवतं?”

बाबा ओशाळले. चल, लोहाराकडे जाऊ, ते म्हणाले. भिंगरीने मान हलवली.

“नको. त्या शहरात मला कोण निखारा देणार आहे? असाच पाडते याला.”

आणि ती गेली. आपटली. पुन्हा गेली, पुन्हा आपटली. आई घरी आली, चपला न काढता सोफ्याच्या टोकावर टेकली. बाबांनी उशी पोटाशी धरली होती. बोथट तलवारीने घंटेवाल्याच्या अंगावर ओरखडे निघत होते तेवढेच, पण भिंगरी या वेळी घाई करत नव्हती. घंटा वर गेली की मागे, खाली आली की एक घाव, पुन्हा मागे. पुन्हा एकच घाव उरला तेव्हा ती गुरुवारसारखी धावली नाही. थांबली. घंटा पूर्ण खाली येऊ दिली, आणि मग मारलं.

घंटेवाला गुडघ्यावर आला आणि राख होऊन गेला. आई टाळ्या वाजवू लागली, आणि बाबांनी भिंगरीचं डोकं छातीशी धरलं, लहानपणी धरत तसं. आपल्या डोळ्यांत पाणी आलंय हे लपवायचाही त्यांनी प्रयत्न केला, पण लपवण्यात ते कच्चेच.

रविवारी तिची गाडी गेली. सोमवारी आई कामावर गेल्यावर घर खायला उठलं. संध्याकाळी बाबांनी टीव्ही लावला. दलदलीत जाऊ, चार बेडूक मारू, एवढाच विचार. जाण्याआधी सवयीने पेटी उघडली.

निळा निखारा आपल्या कप्प्यात होता. आणि त्याच्या शेजारी, जिथे काही ठेवायचं नव्हतं त्या जागी, भिंगरीची बोथट तलवार आडवी ठेवलेली होती. तलवारींचा कप्पा वेगळा होता, वरच्या बाजूला. बाबांनी स्वतः लावलेला.

ते तशीच पेटी उघडी ठेवून बसले असताना फोन वाजला. भिंगरीने खोलीचं, कारखान्याचं, शेजारणीचं सगळं भडाभडा सांगितलं. मग तिने विचारलं,

“पेटी उघडलीत?”

“उघडली. तलवार भलत्याच ठिकाणी ठेवून गेलीस.”

“मी आले की लोहाराकडे दोघं जाऊ,” ती म्हणाली. “लावलीत का जागेवर?”

बाबांनी टीव्हीकडे पाहिलं.

“नाही,” ते म्हणाले. “राहू दे तिथेच.”