मुख्याध्यापक बाईंच्या नावाची मी

मी शिष्यवृत्ती बोलतेय. घाबरू नका, अर्ज मागत नाही. शाळा कशी चालवावी यावर पीएच.डी. करणाऱ्यांना मी मिळते. स्वतः एक इयत्ता शिकले नाही, पण डॉक्टर घडवते. आहे की नाही मजा?

एक मुख्याध्यापक बाई वारल्या, तेव्हा माझा जन्म झाला. त्यांच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या काकांनी, दोघांची पुंजी बँकेत टाकली आणि मला बाईंचं नाव दिलं. नाव मोठं, जागा कोंदट. वर्षभर तिथे पडून पायाला मुंग्या येतात हो. आणि मला तर पायही नाहीत.

वर्षातून एकदा मला बाहेर काढतात. निवड समितीत काका, एक प्राध्यापक आणि संस्थेचे चिटणीस. भिंतीवर बाईंचा फोटो. येणारा प्रत्येक उमेदवार आधी फोटोकडे बघून गहिवरतो. बाईंना कधी पाहिलेलंसुद्धा नसतं. एकजण तर इतका गहिवरला की चिटणिसांनी त्याला आधी पाणी दिलं आणि पाठोपाठ मलाही त्याच्या हाती दिलं. त्याने सहा महिन्यांत प्रबंध सोडला.

यंदा आल्या त्या बाईंच्याच शाळेतल्या उपमुख्याध्यापिका. नोकरी, घर, वर संशोधन. या खेपेला मी मिळाले नाही तर प्रबंध गुंडाळायचा, हे त्यांनी बसता बसताच सांगून टाकलं. फोटोकडे एकदा पाहिलं, पण गहिवर नाही. विषय काय, तर मुख्याध्यापक नसताना शाळा कशी चालते.

यामागे बाईंचीच प्रेरणा असणार, असं प्राध्यापक साखर पेरत म्हणाले.

"आहे ना," त्या म्हणाल्या. "बाई सगळं स्वतः करायच्या. वेळापत्रक त्यांच्या डोक्यात, बदली तास त्यांच्या डोक्यात. आजारी पडल्या आणि कुठल्या वर्गावर कोण, कुणालाच ठाऊक नाही. मुलं मैदानात, शिक्षक व्हरांड्यात. यावरून मी वर्षानुवर्षं त्यांच्याशी भांडले."

चिटणीस खोकले. प्राध्यापक पंखा न्याहाळू लागले. माझा जीव टांगणीला. अहो बाई, समोर नवरा बसलाय त्यांचा! थोडं खोटं बोलला असतात तर जीभ झडली असती का?

काका खुर्चीत पुढे झुकले.

"म्हणजे ती भांडकुदळ तुम्हीच?" ते म्हणाले. "आमच्याकडे जेवताना रोज तुमचा विषय निघायचा."

"आमच्याकडे त्यांचा."

काका हसायला लागले, आणि मध्येच थांबले. "ती असती तर तुम्हाला छदाम दिला नसता. पण आता ठरवणारा मी आहे."

आणि सही केली. घरातले पडदेसुद्धा ज्यांनी कधी स्वतः निवडले नव्हते, त्यांनी!

आता मी उपमुख्याध्यापिकांकडे थोडी थोडी खर्च होतेय. छपाईत, प्रवासात, बिनपगारी रजेत. पुढच्या उमेदवाराकडे जायची मला कोण घाई! पण प्रबंध बाईंवरच्या प्रकरणापाशी अडून बसलाय. काका दर रविवारी फोन करून विचारतात, कुठवर आलं?

"अजून भांडतेच आहे त्यांच्याशी."

"भांडा, भांडा," काका म्हणतात. "घाई नाही."

त्यांचा तो आवाज ऐकला की माझीही चुळबुळ क्षणभर थांबते. भांडा, बाई. पोटभर भांडा. फक्त मधूनमधून एखादं पान लिहीतही जा.