पाण्याची भारंगी

आत्तींनी खाणं सोडलं त्याला आठवडा होत आला होता. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, धोंडुबाई. पेज ओठाला लावली की तोंड फिरवायच्या. उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर सांगून गेले. नवरा डबल शिफ्टला. नणंद अनुजा पुण्याहून फोनवर शिफ्टला. माझी शिफ्ट काही सुटत नव्हती.

त्या सकाळी आत्ती एकच शब्द बोलल्या, ‘भारंगी.’

डोंगरातली ती पावसाळी पालेभाजी उचगावात कुठली मिळायला? पाय ओढत कोल्हापूरच्या मंडईत गेले. पन्हाळ्याकडच्या एका बाईपाशी जुडी मिळाली. अनुजाला सकाळीच कळवलं होतं; घरात पाऊल टाकतेय तोवर तिचा फोन.

‘वहिनी, लई कडू असती ती. उकडून घट्ट पिळा, पाणी सगळं टाका.’

जणू मी चूल कधी बघितलीच नव्हती. उकडली, पिळली, हरभऱ्याची डाळ घालून लसणाच्या फोडणीत परतली. आत्तींनी पहिला घास जिभेवर धरला आणि बाहेर काढला.

‘ही न्हवं.’

माझा पारा चढला. ‘भारंगीच हाय की आत्ती. दरसाल करतोय. दरसाल तुमी चांगली झालीया म्हणता.’

‘ती गड्यांची. आमची पाण्याची.’

मग तुटक तुटक सांगत राहिल्या. त्यांच्या माहेरी पिळलेली भाजी गड्यांच्या, म्हणजे घरच्या पुरुषांच्या ताटात जायची. पिळून काढलेल्या कडू पाण्यात बाया तांदळाच्या कण्या शिजवायच्या आणि तेच खायच्या. बायकांची भारंगी ती.

‘मग इतकी वर्षं बोलला न्हाईसा का?’

‘कुणी इचारलं?’

पाणी अजून पातेल्यातच होतं. उठून ओतून द्यायचंही त्राण माझ्यात नव्हतं, म्हणून राहिलेलं. त्यात मूठभर कण्या शिजवल्या, मीठ घातलं. आत्ती सावकाश खात राहिल्या. वाटी रिकामी झाली. मला हायसं वाटलं, आणि रागही आला. कुणाचा, ते सांगता येईना.

दुसरी वाटी भरून पुढे केली, तर त्यांनी ती माझ्याकडे सरकवली.

‘खावा की अजून, आत्ती.’

‘माझं झालं. तू कवा जेवलीस?’

मला आठवेना.