नऊ तुकड्यांची माती

उज्जैनमधल्या फ्रीगंजच्या मागच्या रिकाम्या जागेवरची सार्वजनिक बाग मी आखली. हिरवळ नाही, कारंजं नाही. माळव्यातल्या शेतांसारखे नऊ तुकडे आणि लोकांनी चालायला मधले बांध. प्रत्येक तुकड्यात वेगळ्या गावची माती, आणि दगडावर तिचं माळवी नाव, खाली मराठी. माळवी नावं बाबांच्या डोक्यात होती. कृषी खात्यात चौतीस वर्षं गावोगाव हिंडलेला माणूस, चिमूटभर माती बोटांत चुरडून तिचं नाव सांगायचा. लिहून घेऊ की सावकाश, बाबा कुठे पळून जाताहेत, असं मी म्हणत राहिले. अक्कल गहाण टाकली होती मी.

फेब्रुवारीत त्यांच्या मेंदूत गुठळी झाली. हातपाय वाचले, मराठी गेली. शुद्धीवर आले ते फक्त माळवी बोलत, तीही शेतातली.

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा नियम आहे. उज्जैनभर हिंदी बोला, माळवी बोला, उंबऱ्याच्या आत मराठीच. बाबा दौऱ्यावरून आले की आई चपलांबरोबर त्यांची माळवीही बाहेर ठेवायला लावायची. आता तिला वाटलं, ही माळवीच मराठीची वाट अडवून बसलीय. ते कुंडीतल्या मातीकडे बोट दाखवून काही म्हणाले, की ती त्यांना थांबवून मराठी शब्द घोकून घ्यायची. मीही घ्यायचे, मायेने, मांडीला मांडी लावून. सहा आठवडे आम्ही दोघींनी हे केलं. हळूहळू ते आपणहून बोलायचेच बंद झाले.

मग पाथरवट दिलीपचा फोन आला. गुरुवारपर्यंत नावं मिळाली नाहीत तर महापालिकेच्या साहेबांनी दगडांवर सुविचार कोरायला सांगितलंय, म्हणाला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला हवी होती ती नावं रोज माझ्यासमोर उच्चारली जात होती आणि मी ती खोडत होते. त्यातलं एकही मला आठवेना. आईला सांगितलं तर ती खाली बसली.

"मला वाटलं, तब्येत सुधरते आहे यांची," एवढंच म्हणाली.

बुधवारी सकाळी बाबांना रिक्षाने बागेत नेलं. पहिल्या तुकड्यातली माती त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती चुरडली, वास घेतला, ओठ हलले.

"बाबा, माळवीत सांगा. हात जोडते."

त्यांनी दचकून आईकडे पाहिलं. तीही मान हलवत म्हणाली, सांगा, माळवीतच सांगा. तिचे डोळे वाहत होते. बाबांनी ओठ मिटले, पुन्हा उघडले.

"माती," ते म्हणाले. अगदी स्पष्ट, शुद्ध.

दुसऱ्या तुकड्याला माती. तिसऱ्याला माती. मी रडले, चिडले, शेवटी त्यांच्यावर ओरडले, त्याची लाज अजून जात नाही. नवव्या तुकड्याशी त्यांनी हात झटकले आणि भीतभीत माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"बरोबर?"

मी हो म्हटलं.