बेकरीची तक्रार

"पुन्हा बेकरीच," असं पुटपुटत ताईंनी चष्मा कपाळावर सरकवला. ओव्हन तापत नाही, अशी त्या बेकरीची आठवड्यातली ही तिसरी तक्रार होती आणि नव्या संगणकाने ती तिसऱ्याच मेकॅनिकला देऊन टाकली होती.

ओव्हन आणि फ्रिज दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत कोणाला कुठे धाडायचं हे आजवर ताईच ठरवत. मग मालकांनी कृत्रिम बुद्धिमत्ता आणली. आता तीच फोन घेई, तक्रार ऐके आणि सर्वांत जवळच्या मेकॅनिकला धाडून देई. ताईंनी नुसती पडद्यावर नजर ठेवायची. पेट्रोल वाचतंय म्हणून मालक खूश आणि ओरडून घसा बसत नाही म्हणून ताईही खूश. पण बेकरीचं नाव दिसलं की त्यांचा जीव खालीवर होई.

त्यांचा धाकटा भाऊ याच कंपनीत मेकॅनिक होता. पंचेचाळिशी उलटली तरी लग्न नाही. बायकांशी बोलायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. फक्त बेकरीवाल्या बाईंचा ओव्हन उघडला की हा गडी तासभर बोले. बाईही एकट्याच, हसतमुख. ताईंनी ते ओळखलं होतं आणि बेकरीची प्रत्येक तक्रार न चुकता भावाच्या पदरात घातली होती. संगणकाला हे कोण सांगणार? भावाची कामं शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे तो कधी जवळचा ठरतच नव्हता. हल्ली तो रात्री घरी नुसतं ताट चिवडत बसे.

त्यात मालक आनंदाने सांगत आले की, हा ओव्हन सारखा बिघडतो, तो बदलून द्यावा, अशी संगणकाची शिफारस आहे. सोमवारी नवा जाणार. म्हणजे तक्रारच मिटली. ताईंनी बेकरीत गेलेल्या मेकॅनिकला फोन लावला आणि ओव्हनला झालंय तरी काय, असं विचारलं.

"काही नाही हो ताई. बाईंनीच प्लग काढून ठेवला होता. मला बघून चेहराच पडला त्यांचा. म्हणाल्या, ते नेहमीचे येत नाहीत का हल्ली?"

ताईंना हसू आवरेना. त्यांनी लगेच भावाला फोन करून सगळं सांगितलं.

"पण मला काम कुठे आलंय तिथलं? काय सांगून जाऊ?"

"काही सांगू नकोस, घोड्या. ती तक्रार ओव्हनची नाहीये, तुझी आहे. जा."

थोड्या वेळाने पडद्यावरचा भावाचा हिरवा ठिपका हलला आणि बेकरीपाशी जाऊन थांबला. लगोलग संगणकाने विचारलं, मेकॅनिक रिकामा दिसतो, नवं काम देऊ का? ताईंनी 'नको' दाबलं. त्याने पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा दाबलं. तसं गुणी पोर होतं ते, मनाला लावून घेत नव्हतं.

जेवणाची वेळ टळली तशी त्यांनी दोघांचा डबा उघडला. काम कितीही लांब असलं तरी रोज दुपारी भाऊ येऊन शेजारी खुर्ची ओढून बसायचा. ती खुर्ची आज रिकामी होती, आणि ताईंना वाटलं, आता याची सवय करायला हवी. डोळे जरा भरून आले, पण भूक मात्र छान लागली होती. त्यांनी त्याच्या वाटचंही संपवलं, आणि मध्येच प्रश्न आला तेव्हा डाव्या हाताने 'नको' दाबलं.